तारे कोणी दिले ते आधी बघा: सिंधुदुर्गातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयाबद्दल

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. कारण सरळ आहे. सासूबाईंचा फिजिओ अजून तिथेच चालू आहे आणि तिथल्या कुणाशी मला आत्ता वाकडं घ्यायचं नाही. कुडाळ-कणकवलीच्या पट्ट्यातले लोक ओळखतीलच. बाकीच्यांना नाव नसलं तरी चालेल, कारण मी जे लिहिणार आहे ते कुठल्याही रुग्णालयाचे तारे वाचताना उपयोगी पडेल.

गुगलवर याला चाराच्या वर तारे आहेत. सासूबाईंना भरती केलं त्या रात्री व्हरांड्यात बसून मी ती सगळी मतं वाचली आणि हाती काही लागलं नाही. बहुतेकांनी ‘खूप छान सेवा, डॉक्टर देवमाणूस’ लिहून पाच तारे दिलेले. उरलेल्यांनी पार्किंग नाही, मोबाईलला रेंज नाही, म्हणून एक. खुब्याच्या ऑपरेशनचं काय, रात्री सिस्टर किती असतात, सरकारी आरोग्य योजनेचा माणूस जागेवर सापडतो का, याबद्दल अक्षर नाही. म्हणून हे लांबण.

मी पतपेढीची पिग्मी गोळा करते. सकाळ-संध्याकाळ बाजार पालथा घालते, त्यामुळे कोणाची कमाई किती आणि बोलणं किती, याचा अंदाज बऱ्यापैकी येतो. रोज पाचशे भरणारा दुकानदार पावतीवरची तारीख दोनदा बघतो, व्याज का घसरलं म्हणून मॅनेजरला फोन लावतो. रोज वीस रुपये भरणारी भाजीवाली पुस्तकसुद्धा उघडून बघत नाही, ‘तू लिवशीत तां बरोबर’ म्हणते. पतपेढीवर खूश कोण, असं विचारलंत तर भाजीवाली. रुग्णालयाच्या वॉर्डात मला हेच दिसलं, फक्त इथे पणाला व्याज नव्हतं, हाडं-मांस होतं.

आधी कामाचं. सासूबाई, वय पंचाहत्तरच्या पुढे, मे महिन्यात खळ्यात आमसुलं वाळत घालताना ओट्याच्या पायरीवरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. 108 ला फोन केला, गाडी वेळेत आली, आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे हाडांचे डॉक्टर त्या दिवशी नव्हते. ‘इथे नाही होणार, पुढे न्या’ म्हणाले. पुढे म्हणजे आमच्या जिल्ह्यात दोनच दिशा, एक हे ट्रस्टचं रुग्णालय, नाहीतर सरळ बांबोळी. सावंतवाडी-दोडामार्गकडच्या पिढ्यान्‌पिढ्या गोव्याच्या त्या मेडिकल कॉलेजात बऱ्या झाल्या. पण 2018 च्या जानेवारीपासून तिथे बाहेरच्यांना पैसे लागू झाले, आणि म्हाताऱ्या माणसाला मोडलेल्या खुब्यासकट तेवढ्या लांब न्यायचं माझ्या जिवावर आलं. नवरा गोव्यातल्या औषध कंपनीत शिफ्टला असतो, म्हणजे राहणार मीच.

ऑपरेशन उत्तम झालं. बॉल बदलला. सर्जन तरुण आहेत, बोलायला कमी, पण हात चांगला, असं मला नंतर दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांनीही एक्स-रे बघून सांगितलं. दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभं केलं. सासूबाईंनी सगळ्या देवांची नावं घेतली, पण उभ्या राहिल्या. जखम चिघळली नाही, पाठीला पलंगाचे फोड आले नाहीत. म्हाताऱ्या माणसाला फोड न येणं म्हणजे मावश्या आणि सिस्टर कूस बदलायला येत होत्या हे समजा. रात्रपाळीला मात्र एका सिस्टरवर सगळा मजला असतो. बेल दाबून वाट बघायची. बेल दाबण्यापेक्षा नातेवाईक उठून गेलेला बरा, असं तिथल्या मावशीच सांगतात.

जेवणाचं एक कौतुक करायलाच हवं. सकाळी उपमा नाहीतर इडली. सासूबाईंनी तोंड फिरवलं, ‘माका पेज व्हयी.’ मी कॅन्टीनच्या काकांना सहज विचारलं. दुसऱ्या दिवशीपासून उकड्या तांदळाची पेज, बरोबर आंब्याच्या लोणच्याची फोड. कुठल्याही यादीत नसलेली ही सोय. विचारलं म्हणून मिळाली, हे ध्यानात ठेवा. पुढे हेच पुन्हा येणार आहे.

आता वॉर्ड. फिमेल सर्जिकल, जनरल. खिडकीकडच्या पलंगावर एका निवृत्त मुख्याध्यापकांची बायको, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. मुख्याध्यापक, म्हणजे सर, दिवसभर उशाशी. हातात दोनशे पानी वही. इंजेक्शन कधी दिलं, सलाईन कधी संपलं, डॉक्टर काय म्हणाले, सगळं तारीखवार. आमच्या शेजारी वेंगुर्ल्याकडची मासे विकणारी काकी, साखरेच्या आजाराने पायाचं बोट काळं पडलं म्हणून कापलेलं. समोर हापूसच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी जोडप्यातली बायको, मनगट मोडलेली. तिच्या बाजूला एक आजी, जिचा मुलगा मुंबईत, सून मुंबईत, आणि सांभाळायला पुतणी.

डॉक्टरांचा राऊंड सकाळी दहाच्या सुमाराला. सरांच्या पलंगाशी डॉक्टर थांबायचे. एकदा तर एक्स-रेची फिल्म पाकिटातून काढून खिडकीच्या उजेडात धरली, पेनाच्या टोकाने दाखवलं, हे जुनं हाड, हा नवा सांधा, इथे सिमेंट, या कोनापर्यंत पाय वाकला पाहिजे. सर चष्मा वर करून बघत होते, मधेच प्रश्न विचारत होते. डॉक्टर छान सांगत होते, माझ्यासुद्धा ज्ञानात भर पडली. तिथून पुढे दोन पलंग गेले की काकी. पट्टी उचलून बघितली, ‘सुकतंय. शुगर कंट्रोल करा. होईल बरं.’ पुढे. काकीने हात जोडले. डॉक्टर वाईट वागले का? अजिबात नाही, हसून बोलले. पण सरांनी एक्स-रे मागितला होता, काकीला मागायचं काय असतं तेच ठाऊक नव्हतं.

त्या रात्री दिवा मालवल्यावर काकी मला हळूच विचारते, ‘बाय, आजून किती बोटां कापतले गो?’

तिला कोणी सांगितलंच नव्हतं की साखरेची गोळी रोज, आयुष्यभर घ्यायची, अनवाणी वाळूत फिरायचं नाही, तळवा रोज संध्याकाळी बघायचा. किंवा सांगितलं असेल, डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजीत. बोट का कापलं हे तिच्या मते ‘रेतयेतलो कायतरी काटो लागलो’ म्हणून. मी सकाळी सिस्टरला बाजूला घेऊन म्हटलं, हिला नीट बसवून सांगा हो. सिस्टरनी सांगितलं, चांगलं वीस मिनिटं, मालवणीत. म्हणजे सांगण्याची तयारी नव्हती असं नाही. कोणीतरी मागावं लागतं.

हेच ड्रेसिंगचं. वेळ सकाळची, पण काकीचं नेहमी शेवटी, कधी चार वाजून जायचे. ती एकदाही बोलली नाही. मी म्हटलं, अगो विचार तरी. तर म्हणते, ‘पोरगी ती, एकटी किती जणांक बघतली?’ आणि मग आवाज उतरवून, ‘रागावली तर उद्या ड्रेसिंग कोण करतलो?’ एका दमात दया आणि भीती दोन्ही. सरांच्या बायकोचं इंजेक्शन एकदा उशिरा झालं, तेव्हा सर वही घेऊन मेट्रनच्या केबिनमध्ये गेले. पुढचे दोन दिवस सगळ्या वॉर्डाचं ड्रेसिंग अकराच्या आत उरकलं, काकीचंसुद्धा.

योजनेबद्दल बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर. इथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना चालते. ही पूर्वीची राजीव गांधी जीवनदायी, 2012 साली काही जिल्ह्यांत सुरू झालेली आणि 2013 च्या अखेरीपासून राज्यभर. नाव 2017 मध्ये बदललं. आधी पिवळं-केशरी कार्ड लागायचं, आता पांढऱ्या कार्डालाही मिळते आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, निळ्या टेबलाशी. रेशनकार्ड, आधार घेऊन जा, फाईल तो वर पाठवतो, मंजुरी येईपर्यंत ऑपरेशन थांबतं. आमची फाईल चटकन हलली. त्यात माझ्या पिग्मीचा हात आहे हे लपवत नाही. आरोग्यमित्राचा काका माझा खातेदार. मी ओळख काढली नाही, त्यानेच काढली, पण काढल्यावर खुर्ची मिळाली आणि चहासुद्धा. तेव्हा माझे या खात्यातले तारे तुम्ही जरा कमीच धरा.

तक्रार इथेच आहे. योजनेत भरती झालेल्या माणसाला औषधं, तपासण्या, जेवण, डिस्चार्जनंतरच्या दहा दिवसांतलं दाखवणं, सगळं पॅकेजमध्ये येतं. तरी एकदा मेडिकलमधून बाहेरची इंजेक्शनं आणायची चिठ्ठी हातात आली. मी आणली, पैसे भरले. सरांनी ती चिठ्ठी बघितली आणि म्हणाले, ‘वहिनी, हे तुमच्याकडून घेता येत नाही. भिंतीवर योजनेचा नंबर 155388 लिहिलाय, लावा फोन.’ फोन लावायची वेळ आली नाही. मी बिलाच्या खिडकीवर नुसता नंबर वाचून दाखवला, पैसे परत. काकीच्या भाच्याने अशाच दोन चिठ्ठ्यांचे पैसे भरले होते. त्याला मी सांगेपर्यंत तो म्हापशाला कामावर गेलेला, पावत्या कुठे गेल्या ते देव जाणे.

आणि एसटीचं भाडं! हे मलाही सरांकडूनच कळलं. योजनेतल्या पेशंटला डिस्चार्जनंतर घरी जायचं भाडं एकदा द्यायचं असतं, एसटीच्या दराने. रक्कम ती काय मोठी, वेंगुर्ल्यापर्यंतचं तिकीट. पण सबंध वॉर्डात ते कोणी मागितलं? सरांनी. ते स्वतःच्या गाडीने आले होते. तरी तत्त्व म्हणून मागितलं, सही करून घेतलं. काकी, जिला ते भाडं खरंच लागणार होतं, तिला असं काही असतं याचाच पत्ता नव्हता. जे आपल्याला मिळायचं होतं हेच माहीत नाही, ते नाही मिळालं म्हणून नाराज कोण होणार? मी आरोग्यमित्राला सांगितलं, त्याने जरा कान खाजवला आणि दिलं. काकी ते पैसे मला परत द्यायला आली. तिला वाटलं मीच माझ्या खिशातून दिले.

नेपाळी बाईला तर योजनाच नाही. रेशनकार्ड इथलं नाही, काहीच नाही. बागवाल्याने पैसे भरले, हंगाम संपल्यावर पगारातून कापणार असं तिचा नवरा म्हणाला. मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. तिला काय हवंय हे सगळे हातवाऱ्यांनी विचारायचे, ती मान डोलवायची. दुखतंय का? मान डोलवली. बरं आहे का? मान डोलवली. त्यामुळे तिला दुखण्याची गोळी कमीच पडली असणार, असं मला अजून वाटतं.

आता त्या ताऱ्यांकडे येते. डिस्चार्जच्या दिवशी एक मुलगी टॅब घेऊन येते. पाच चेहरे, रडक्या लालपासून हसऱ्या हिरव्यापर्यंत. स्वच्छता कशी, सिस्टर कशा वागल्या, डॉक्टरांनी आजार समजावून सांगितला का, जेवण कसं, ओळखीच्यांना इथे यायला सांगाल का. मुलगी गोड आहे, पण टॅब धरून उभी राहते पलंगाशी, आणि बाजूला सिस्टर केसपेपर लावत असतात. अशा वेळी लाल चेहरा दाबायला छाती लागते.

काकीने टॅबकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. ‘बाय, तूच घाल काय तां. सगळ्यांका बरां म्हण.’ मी म्हटलं, डॉक्टरांनी समजावलं का विचारतायत, काय घालू? ‘बरां म्हण गो. त्या चेडवाची नोकरी गेली तर?’ तिचा समज असा की वाईट म्हटलं तर टॅबवाल्या मुलीलाच काढून टाकतील. शेवटी सगळं हिरवं. आणि मनापासून. खोटं नाही बोलली ती. ‘माका काय्येक तरास नाय. दोन टायमाक गरम जेवण गावता, डोक्यार पंखो आसा. आणि काय व्हया?’ पहाटे बंदरावर जाऊन पाटी भरणाऱ्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आयतं ताट आणून दिलं होतं. त्याआधी तिने जे पाहिलेलं ते म्हणजे एका दवाखान्यातून ‘गोव्याक न्हेवा म्हणान सांगल्यानी.’ त्या मानाने हे रुग्णालय म्हणजे स्वर्गच.

नेपाळी बाईने मुलगी बोट दाखवेल तिथे बोट ठेवलं. हिरवं.

सरांनी टॅब नाकारला. दीड पान लिहिलं, मुद्द्यांना क्रमांक घालून. शौचालयाला कडी नाही, रात्री एकच सिस्टर, बाहेरच्या औषधांच्या चिठ्ठ्या, दरपत्रक दिसेल अशा जागी नाही. त्यांच्या बायकोची सेवा सगळ्या वॉर्डात सगळ्यात चांगली झालेली, माझ्या डोळ्यांदेखत. तरी तक्रारी सगळ्यात जास्त. शौचालयाला कडी मात्र तिसऱ्या दिवशी बसली.

आणि चौथी तऱ्हा. आजींचा मुंबईचा मुलगा. टॅबशिवाय एक लिंकही येते, केसपेपरवर जो नंबर असेल त्यावर. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या केसपेपरवर नंबर कोणाचा? चाकरमान्याचा. मुलगा शेवटच्या दिवशी कोकणकन्येने आला, बिलाच्या खिडकीवर कार्ड चालत नाही म्हणून वाद घातला, परळच्या रुग्णालयाशी तुलना केली, रिक्षात बसता बसता एक तारा ठोकला. आजी, जिने सगळे दिवस तिथे काढले, ती मागे वळून मावश्यांना नमस्कार करत होती. पुतणीला कोणी विचारलंच नाही. म्हणून वाचताना ‘रेंज नाही’ वाला तारा दिसला तर समजा, हा पलंगावरचा माणूस नव्हे. सरकारी दवाखान्यांत 2016 पासून ‘मेरा अस्पताल’ म्हणून केंद्राची सोय आहे, एसएमएस किंवा फोन करून पेशंटचं मत विचारतात. तिथेही नंबर ज्याचा, मत त्याचं, हे आलंच.

स्पेशल रूमची हकिगत ऐकीव आहे, पण मावशीने सांगितली म्हणून लिहिते. बागायतदाराची आई. सर्जन तेच, सांधा तोच, सिस्टर त्याच. सून एसीतून पाणी गळतं म्हणून रोज ओरडायची. पण जाताना मुलाने डॉक्टरांना हापूसची पेटी दिली आणि गुगलवर पाच तारे. पेटीला मी लाच म्हणणार नाही, मे महिन्यात आमच्याकडे पेटी न देता कोणी कोणाचे आभार मानतच नाही. काकीनेसुद्धा सिस्टरना सुके बांगडे पाठवले, वर्तमानपत्रात बांधून. फरक इतकाच की पेटीवाल्याकडे डॉक्टर दुपारी पुन्हा एकदा डोकावून जायचे.

माझी भाची पुण्यात पब्लिक हेल्थ शिकते. तिला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणे आत्या, तुझ्या वॉर्डात जे आहे त्यावर कपाटभर कागद लिहून झालेत. 1990 साली जुडिथ हॉल आणि मायकेल डॉर्नन या दोघांनी तोवरचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले. वय जास्त तर समाधान जास्त, शिक्षण कमी तर समाधान जास्त. आणि गंमत म्हणजे समाजातला दर्जा वरचा असेल तर समाधान पुन्हा किंचित वर. मी म्हटलं, म्हणजे काकी आणि पेटीवाला दोघे खूश, मधले सर नाराज! ती म्हणाली, इतकं सरळ नको घेऊस, हे फरक लहान असतात, आणि अभ्यास बहुतेक बाहेरच्या देशांतले. बरं. नाही घेत. पण वॉर्ड तर मी बघितलाय.

तिने आणखी एक सांगितलं ते मला जास्त पटलं. अमर्त्य सेन यांनी 2002 मध्ये लिहिलंय, केरळात माणसं भारतात सगळ्यात जास्त जगतात आणि आजाराच्या तक्रारीही सगळ्यात जास्त तीच करतात. बिहारमध्ये आयुष्य कमी, तक्रारीही कमी. ज्याला शाळा आणि दवाखाना मिळाला त्याला आपल्याला काय होतंय हे कळतं, म्हणून तो बोलतो. नुसतं लोकांना विचारून ठरवलंत तर केरळ आजारी आणि बिहार ठणठणीत. आमच्या वॉर्डात सर केरळ होते.

अमेरिकेत रुग्णालयांचे असे गुण 2008 पासून सरकार जाहीर करतं, पण तसेच्या तसे नाही. पेशंटचं वय, शिक्षण, त्याने स्वतः सांगितलेली तब्येत, घरात बोलतात ती भाषा, हे सगळं धरून आकडे आधी जुळवून घेतात, म्हणजे म्हाताऱ्यांची गर्दी असलेलं रुग्णालय उगाच वर जात नाही. हे ऐकल्यावर मला आमच्या रुग्णालयाच्या दारातला बोर्ड आठवला, ‘आमचे समाधानी रुग्ण’ म्हणून टक्केवारी लावलेली. त्या टक्क्यात काकीची बोटं किती, हे विचारायला हवं.

माझं मत मागाल तर असं. ऑपरेशनला पाच. मावश्यांना पाच, आणि त्यांचा पगार वाढवा. सिस्टरना चार, चूक त्यांची नव्हे, माणसं कमी आहेत. स्वच्छतेला तीन. सकाळी फिनेल मारतात, संध्याकाळी कोणी बघत नाही. योजनेच्या कारभाराला दोन, कारण जे हक्काचं ते तोंड उघडल्यावरच मिळतं. समजावून सांगण्याला मी तारा देणारच नाही. मला भरपूर सांगितलं. मी बी.कॉम. आहे, फॉर्म भरून देते, प्रश्न विचारते. या खात्यात माझं मत कामाचं नाही, काकीचं विचारा. आणि ते टॅब बाजूला ठेवून, ती घरी गेल्यावर पंधरा दिवसांनी, तिच्या दारात, मालवणीत विचारा. ‘बरां आसा काय’ असं विचारलंत तर बरांच म्हणणार. त्यापेक्षा गोळी कधी घेतेस, बोट का कापलं, किती पैसे भरलेस, असं विचारा. त्याची उत्तरं हिरव्या चेहऱ्यांत बसत नाहीत.

मग मी तिथे जायला सांगेन का? हाडांच्या कामासाठी, हो, नक्की. सांधा मोडलेलं माणूस घेऊन गोव्याला धावण्यापेक्षा इथे जा. बरोबर मात्र सरांसारखा एक माणूस ठेवा, वहीवाला. घरात नसेल तर शेजारच्या पलंगावर शोधा, बहुतेक सापडतो.

जाणाऱ्यांसाठी एवढं. रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स घरूनच काढून न्या, रुग्णालयाशेजारचा झेरॉक्सवाला दुप्पट घेतो. आरोग्यमित्र जेवायला गेला की साडेतीनच्या आत येत नाही. केसपेपरवर नंबर मुंबईच्या मुलाचा देऊ नका, जो उशाशी राहणार त्याचा द्या. बाहेरच्या औषधाची चिठ्ठी आली तर आधी ‘योजनेत आहे का?’ विचारा, पावती टाकू नका. डिस्चार्जच्या दिवशी एसटीचं भाडं मागा. आणि फिजिओला सकाळी नऊच्या आत नंबर लावा, दहानंतर गेलात तर दुपारपर्यंत बाकावर बसाल, आणि त्या बाकाचा एक पाय मोडका आहे, भिंतीकडच्या टोकाला बसा.